अर्सुकिद्झेचा हात

जॉर्जिया देशांत, तिबिलिसी या राजधानीच्या उत्तरेस सुमारें २० किलोमीटरांवर, अराग्वी व म्त्क्वारी या नद्यांच्या संगमावर म्त्सखेता नांवाचें प्राचीन नगर आहे. तेथील स्वेतित्स्खोवेली हें ख्रिस्तमंदिर इ. स. १०१० ते १०२९ या काळांत, मेल्किसेदेक या धर्मगुरूच्या आश्रयानें उभें राहिलें. त्याच्या उत्तरेकडील भिंतीवर, मान वर केल्याखेरीज दिसूं नये इतक्या उंचावर, दगडांत एक उजवा हात कोरलेला आहे. हातांत गवंड्याचा गुण्या; आणि जवळच लेख असा कीं, हा ईश्वराचा दास अर्सुकिद्झे याचा हात, त्याला क्षमा असो.

या हाताभोंवतीं लोकांनीं एक कथा गुंफली आहे. शिष्याचें काम गुरूहून सरस ठरलें; गुरूला तें साहवेना; त्यानें राजाचे कान भरले आणि राजाज्ञेनें अर्सुकिद्झेचा उजवा हात तोडण्यांत आला! कोन्स्तान्तिने गाम्साखुर्दिया यांनीं १९३९ सालच्या आपल्या कादंबरींत तींत राजा पहिला गिओर्गी याच्या प्रेममत्सराची भर घातली. ताजमहालाच्या कारागिरांविषयीं भारतांतही अशीच गोष्ट सांगतात. मोठी वास्तु दिसली कीं तिच्यामागें क्रूर धनी शोधावा, ही लोकमानसाची जुनीच खोड दिसते.

भिंतीची साक्ष मात्र निराळी आहे. पूर्वेकडील लेखांत हें मंदिर अर्सुकिद्झेच्या हातून झाल्याचें सांगून त्याच्या आत्म्यास शांति मागितली आहे. म्हणजे काम पुरें होण्यापूर्वींच तो निवर्तला होता. हात तोडविणाऱ्या राजानें त्याच हाताचें चित्र देवळावर कसें राहूं दिलें, असा प्रश्न कोणी करील. त्यावर, गिओर्गी १०२७ सालींच वारला, हात मागाहून कोरला असेल, असें उत्तर देतां येईल. तथापि कोरलेला हात तुटका नव्हे, कामांतला आहे. त्यानें हत्यार धरलें आहे. जुन्या पोथ्यांचे लेखक शेवटीं नांव घालून क्षमा मागत, तोच हा प्रकार. मराठींत हातच्या लिखाणाला हस्ताक्षर म्हणतात. येथें तर अक्षरांबरोबर हातही आहे.

कथेनें कारागिराचें नांव जगविलें खरें, परंतु पाहणाऱ्याची नजर त्याच्या कामावरून उडविली. ५ व्या शतकांत राजा वाख्तांग गोर्गासाली यानें येथें मंदिर बांधलें होतें. त्याच्यावरील बैलांचीं दोन मस्तकें नव्या पूर्वभिंतींत आदरानें बसविलेलीं दिसतात. या भिंतीवर बारीक, उंच स्तंभिकांच्या कमानी आहेत. त्यांतून आरपार वाट नाहीं, त्या केवळ भिंतीला चिकटलेल्या. मधली सर्वांत उंच, बाजूच्या क्रमानें ठेंगण्या. पिवळसर दगडावर सकाळचें ऊन तिरपें पडलें म्हणजे सारा भार हलका होऊन भिंत वर चढूं लागल्याचा भास होतो.

पुढें तैमूरच्या स्वाऱ्यांत मंदिराची मोडतोड झाली आणि १५ व्या शतकांत राजा पहिला अलेक्सांद्रे यानें त्याचा जीर्णोद्धार केला. १९९४ सालीं युनेस्कोनें म्त्सखेत्याच्या या वास्तूंना जागतिक वारशांत स्थान दिलें.