रणांत पडलेल्या तरुणाचा शोध

पाचोऱ्यासारख्या खानदेशांतील गांवीं एकाद्या जुन्या घरांत गेलें असतां माजघराच्या भिंतीवर गणवेशांतील तरुणाची धुरकटलेली तसबीर दिसावी, यांत नवल नाहीं. हा कोण, असें विचारल्यास ‘आजोबांचा धाकटा भाऊ, लढाईंत गेला’ एवढेंच उत्तर मिळतें. कोणती लढाई, कोणती पलटण, देह कोठें पडला, हें सांगणारें माणूस घरांत उरलेलें नसतें. अशा तरुणाचें चरित्र पुन्हां जुळवितां येतें काय? पुष्कळ अंशीं येतें. मात्र त्यासाठीं दोन वाटांनीं जावें लागतें.

पहिली वाट कागदांची. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांतील मृतांची नोंद ठेवण्यासाठीं १९१७ सालीं युद्धसमाधींचें एक मंडळ स्थापन झालें. आज तें कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन या नांवानें ओळखलें जातें. दोन्ही महायुद्धांत मेलेल्या शिपायांचा क्रमांक, हुद्दा, पलटण व मृत्यूची तारीख त्याच्या याद्यांत मिळते. पुष्कळदां वडिलांचें नांव व गांवही आढळतें. परंतु मराठी नांवें इंग्रजींत उतरवितांना त्यांचीं रूपें बदललीं, म्हणून एकच आडनांव अनेक तऱ्हांनीं शोधावें लागतें. जिल्ह्याचें नांवही जपून पाहावें. १९०६ सालीं खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि पूर्व खानदेशास जळगांव हें नांव १९६० सालीं मिळालें. तेव्हां १९१६ किंवा १९४४ सालीं पडलेला पाचोऱ्याचा शिपाई ‘जळगांव’ या नांवाखालीं शोधून सांपडावयाचा नाहीं.

पलटण व तारीख हातीं आली, कीं लंडनमधील क्यू येथील दप्तरखान्यांत तिची युद्धदैनंदिनी पाहावी. त्या दिवशीं पलटण कोठें होती, हें तींत असतें.

कागद किती सांगतात व कोठें थांबतात, हें कोंकणांतील एका प्रसिद्ध उदाहरणावरून ध्यानांत येईल. माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे यशवंत घाडगे पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणींत नाईक होते. १० जुलै १९४४ रोजीं इटलींत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत, शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यानें त्यांच्या तुकडींतील बाकी सर्व जण मेले किंवा घायाळ झाले. घाडगे एकटेच पुढें धांवले, हातबाँबनें त्यांनीं ती तोफ बंद पाडली, एकास गोळीनें व दोघांस बंदुकीच्या दस्त्यानें ठार केलें, आणि लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनीं ते कोसळले. वय अवघें बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. समाधि अज्ञात, नांव कॅसिनो येथील स्मारकावर आहे.

इतकें कीर्तिमान मरण, तरी या कागदांत आढळतात त्या शेवटच्या कांहीं घटका. बाळपण, स्वभाव, घरच्यांशीं झालेला अखेरचा निरोप, हें गांवानेंच सांगावयाचें. ही दुसरी वाट, आठवणींची. आणि ती लवकर बुजते. मनिऑर्डर कोणाच्या नांवें येई, तार आली तेव्हां ती कोणीं वाचली, हें वृद्धांस विचारून लिहून घ्यावें. जुनीं पत्रें मोडींत असल्यास वाचतां येत नाहींत म्हणून टाकूं नयेत. मोडी जाणणाऱ्यास दाखवावीं.

हा शोध रिकामपणाचा उद्योग नव्हे. १९१६ सालीं कुत येथें शरण गेलेल्या सहाव्या पुणें डिव्हिजनमध्यें मराठा पलटणी होत्या. त्या मेसोपोटेमियाच्या मोहिमेंत पडून ज्यांची समाधि अज्ञात राहिली, अशा चाळीस हजारांहून अधिक जणांसाठीं १९२९ सालीं बसरा येथें स्मारक उभें राहिलें. त्यावर अंमलदारांचीं नांवें कोरलीं गेलीं. हिंदी शिपायांची मात्र पलटणीगणिक केवळ संख्या! स्मरणाच्या बाबतींत असा भेदभाव झाल्याचें त्या मंडळानेंच २०२१ सालीं कबूल केलें. १९२९ सालीं दगडानें जें नांव नाकारलें, तें निदान घरानें तरी विसरूं नये.

२०२३ सालीं इटलींतील मोंतोने गांवानें घाडगे यांच्या नांवें सूर्यघड्याळ उभारलें. परक्या गांवास आठवण राहते, तर आपल्यांस कां राहूं नये? ज्या घरीं अशी तसबीर आहे, तेथें आजच तिच्या पाठीमागें नांव, गांव व पलटण लिहून ठेवावी. उद्यां शोध घेणाऱ्यास तेवढा धागा पुरेल.