पौंडाचे किलो, किलोचे पौंड: बागेतला हिशेब

बागकामाचे जुने ब्रिटिश पुस्तक उघडले, की खताची मात्रा औंसात दिलेली असते. अमेरिकेत लेकीच्या परसात भाजी लावायला गेलो, तर मातीची पिशवी पौंडात. कोष्टक पाठ करत बसण्यापेक्षा आपल्या ओळखीच्या वस्तूंवरून हात बसवावा.

आधी दोनच आकडे. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम आणि एका पौंडात १६ औंस. म्हणजे औंस झाला २८ ग्रॅमचा. पिशवीवर पौंडासाठी ‘एलबी’ अशी अक्षरे असतात, तिथे बिचकू नये.

किलोचे पौंड करताना आकडा दुप्पट करावा आणि आलेल्या उत्तरात त्याचाच दहावा भाग मिळवावा. युरियाची गोणी ४५ किलोची. दुप्पट ९०, वर ९, झाले ९९ पौंड. अचूक उत्तर ९९.२.

उलट जाताना निम्मे करून दहावा भाग वजा करायचा. ४० पौंडांची पिशवी: निम्मे २०, वजा २, म्हणजे १८ किलो. ती एकट्याने उचलायची की जावयाला हाक मारायची, हेही तिथेच ठरते.

इथवर सोपे आहे. पहिली चूक होते ती २ पौंड ८ औंस हे वजन २.८ असे लिहिताना. औंस दहाच्या नव्हे, सोळाच्या हिशेबाने चालतात. ८ औंस म्हणजे अर्धा पौंड, तेव्हा हे अडीच पौंड, सव्वा किलोला थोडे कमी.

दुसरी चूक कुंडीला भोवते. ‘चौरस यार्डाला २ औंस बोनमील’ (हाडांचा चुरा) असे वाचून आपण एकाच कुंडीत ५७ ग्रॅम ओततो. पण ती मात्रा वाफ्याची आहे. चौरस यार्डाला एक औंस म्हणजे चौरस मीटरला ३४ ग्रॅम, म्हणून २ औंसांचे ६८. बारा इंची कुंडीचे तोंड जेमतेम ०.०७ चौरस मीटर. तिच्या वाट्याला येतात पाचच ग्रॅम.

कडुनिंबाच्या तेलाच्या बाटलीवरचा औंस मात्र वजनाचा नसतो. तो द्रवाच्या मापाचा, म्हणजे फ्लुइड औंस. तो काट्यावर तोलू नये, मापाने घ्यावा. त्यातही गॅलन दोन तऱ्हेचे: अमेरिकी ३.८ लिटरचा, ब्रिटिश साडेचार लिटरचा. ‘गॅलनला एक औंस’ असे लिहिले असेल, तर बाटली अमेरिकी असल्यास लिटरमागे ८ मिलिलिटर तेल घ्यावे, ब्रिटिश असल्यास सव्वासहा.