विश्लेषण : पेट्रोलची बाईक खरेच संपणार का? दुचाकीप्रेमींना चिंता कशाची?

आळंदी रस्ता, धानोरी आणि विमानतळाच्या दिशेने येणारी वाहने विश्रांतवाडी चौकात एकत्र येतात. इथल्या गर्दीत हिरव्या नंबर प्लेटच्या स्कूटरचे आता कोणालाही नवल वाटत नाही. मात्र हिरव्या नंबर प्लेटची मोटारसायकल अजूनही शोधावी लागते. स्कूटरवाल्यांनी वीज स्वीकारली, मग बाईकवाले मागे का? हा केवळ हट्ट आहे की त्यामागे काही ठोस कारणे आहेत? आणि ज्यांच्याकडे जुनी बुलेट, येझदी किंवा आरएक्स १०० आहे, त्यांनी खरेच काळजी करावी का? जाणून घेऊया.

सध्याची स्थिती काय?

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात सुमारे १ कोटी ८९ लाख दुचाकींची विक्री झाली. त्यात विजेवरील दुचाकी साधारण साडेअकरा लाख, म्हणजे सुमारे ६ टक्के होत्या. त्यातही बहुतांश स्कूटर.

या बदलात पुणे आघाडीवर आहे. १९७२ मध्ये बाजारात आलेली बजाजची ‘चेतक’ जानेवारी २०२० मध्ये विजेवर परतली, ती आधी पुणे आणि बेंगळुरूत. विजेवरील मोटारसायकल बनवणारी ‘टॉर्क मोटर्स’ही पुण्याचीच. तिची ‘क्रेटोस’ जानेवारी २०२२ मध्ये आली. पण पुण्याच्याच बजाजने जुलै २०२४ मध्ये सीएनजीवर चालणारी ‘फ्रीडम १२५’ आणली. म्हणजे इंजिनाचे युग संपले, असे खुद्द उत्पादकही मानत नाहीत.

पेट्रोल बाईकवर बंदी येणार आहे का?

महाराष्ट्रात पेट्रोल दुचाकींवर बंदी घालणारा कोणताही नियम सध्या नाही. गोंधळ होतो तो दोन बातम्यांमुळे. पहिली दिल्लीची. तिथे १५ वर्षांवरील पेट्रोल वाहनांना इंधन न देण्याचा आदेश जुलै २०२५ मध्ये लागू झाला आणि विरोधानंतर काही दिवसांतच स्थगित झाला. तो राजधानी परिसरापुरता होता. दुसरी बातमी मुंबईची. मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या सूचनेनंतर समिती नेमली गेली. तिच्या कक्षेत पुणे नाही.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या ईव्ही धोरणाचा भर बंदीवर नाही, तर सवलतींवर आहे. दुसरीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल बाईकवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३५० सीसीवरील बाईकवर तो ४० टक्के झाला. विजेवरील दुचाकींवर मात्र ५ टक्केच आहे. थोडक्यात, रोजच्या वापराची पेट्रोल बाईक स्वस्त झाली आणि मोठ्या बाईकचा शौक महागला.

दुचाकीप्रेमींचे आक्षेप कोणते?

साधारण तीन. पहिला आवाज आणि गिअरचा, दुसरा पल्ल्याचा, तिसरा दुरुस्तीचा. चर्चा सर्वाधिक पहिल्यावर होते, पण सर्वांत वजनदार तिसरा आहे.

आवाजाचा मुद्दा आवडीचा आहे. एका सिलिंडरची धडधड, क्लच सोडताना येणारा अंदाज, उतारावर गिअर टाकून धरलेला वेग, हे सगळे विजेच्या बाईकमध्ये नाही. तिथे बहुतेक वेळा क्लच नसतो आणि मोटर शून्य वेगापासूनच जवळपास पूर्ण ताकद देते. काहींना तो वेग भुरळ घालतो, काहींना त्यात ‘चालवल्यासारखे वाटत नाही’. यात कोणी चूक नाही. आवाजाच्या नावाखाली सायलेन्सर बदलून गल्लीत फटाके वाजवणाऱ्यांची बाजू मात्र खरे दुचाकीप्रेमीही घेत नाहीत.

पल्ल्याचे गणित काय सांगते?

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट (किलोवॅट-तास) ऊर्जा असते. १३ लिटरची टाकी भरली की ११५ युनिटच्या आसपास ऊर्जा बाईकवर चढते. इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवते. चाकापर्यंत जेमतेम पाव हिस्सा, म्हणजे २५ युनिटच्या आसपास पोहोचतो. तरीही तो मोठाच आहे. टाकीतल्या पेट्रोलचे वजन मात्र १० किलोच्या घरात.

आता बॅटरी. विजेची मोटर ८५ ते ९० टक्के ऊर्जा कामाला लावते, म्हणजे कार्यक्षमतेत ती इंजिनाच्या कैक पट पुढे आहे. पण एक किलो बॅटरीत साधारण ०.१५ युनिटच मावते. चाकाला २५ युनिट द्यायची तर बॅटरीचेच वजन दीडशे किलोंच्या पुढे जाईल. ते एका अख्ख्या बाईकएवढे झाले.

म्हणूनच वीज आधी स्कूटरमध्ये रुळली. शहरात दिवसाला ३०-४० किलोमीटर फिरायला ३-४ युनिटची बॅटरी पुरते आणि ती पायाखालच्या जागेत बसते. बाईककडून अपेक्षा असते ती ताम्हिणी, माळशेज, महाबळेश्वरची. बेंगळुरूच्या ‘अल्ट्राव्हायोलेट’ची एफ७७ सर्वांत मोठी म्हणजे १०.३ युनिटची बॅटरी घेऊन प्रमाणित चाचणीत ३२३ किलोमीटर जाते, असा कंपनीचा दावा आहे. प्रत्यक्षात वेग, वारा आणि मागे बसलेला माणूस यानुसार हा आकडा खाली येतो.

घाटात बॅटरी लगेच संपते का?

हा समज अर्धाच खरा आहे. सिंहगडाचे उदाहरण घेऊ. पायथ्यापासून वरपर्यंत साधारण ६०० मीटर चढ आहे. बाईक आणि दोन माणसे मिळून ३०० किलो धरली, तर केवळ उंची चढायला अर्धा युनिट लागते. ४ युनिटच्या बॅटरीतून हा साधारण आठवा हिस्सा झाला. उतरताना मोटर उलट वीज तयार करते, त्यामुळे त्यातला काही भाग परतही मिळतो. पेट्रोल बाईक उतारावर हीच ऊर्जा ब्रेक आणि इंजिनात वाया घालवते.

अडचण घाटाची नाही, त्यानंतरच्या अंतराची आहे. विश्रांतवाडीहून सिंहगड करून घरी येणे आजच्या बाईकलाही जमते. महाबळेश्वरचे अंतर एका बाजूनेच १२० किलोमीटरच्या पुढे आहे. तिथे वाटेत चार्जिंगसाठी थांबावे लागेल, आणि तो थांबा चहाच्या वेळात आटोपत नाही.

मग खरा प्रश्न कोणता?

दुरुस्तीचा. येझदी-जावा बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. यामाहा आरएक्स १०० चे उत्पादनही त्याच वर्षी थांबले. तरी या गाड्या आज धावतात. कारण गल्लीतला मेकॅनिक कार्ब्युरेटर खोलून साफ करू शकतो, पिस्टन-रिंगा बदलू शकतो आणि मिळत नसलेला भाग लेथवर बनवून घेऊ शकतो. गाडीचा मालकही रविवारी सकाळी पाना घेऊन बसू शकतो.

विजेच्या बाईकमध्ये बिघडणारे भाग कमी आहेत. ऑइल, प्लग, क्लच प्लेट यांची कटकट नाही. पण जे बिघडते ते कंट्रोलरमध्ये किंवा बॅटरीच्या नियंत्रण यंत्रणेत. तिथे पाना उपयोगाचा नाही. लॅपटॉप आणि कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. बॅटरी परस्पर उघडली तर वॉरंटी जाऊ शकते. कंपनी बंद पडली किंवा ते मॉडेल थांबले, तर १५ वर्षांनी त्याच मापाची बॅटरी कोण देणार, हा प्रश्न उरतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. हा बदल विजेने सुरू केलेला नाही. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ निकष आले आणि नव्या पेट्रोल बाईकमधूनही कार्ब्युरेटर हद्दपार झाला. सेन्सर आणि फ्यूएल इंजेक्शन आले. आजची नवी पेट्रोल बाईकही स्कॅनरशिवाय तपासता येत नाही. म्हणजे ‘पेट्रोल विरुद्ध वीज’ या वादामागे ‘दुरुस्त करता येणारी गाडी विरुद्ध कंपनीवर अवलंबून असलेली गाडी’ हा जुना वाद आहे.

केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. पण पोर्टल असणे आणि विश्रांतवाडीतल्या गॅरेजमध्ये सुटा भाग, माहितीपुस्तिका व प्रशिक्षण पोहोचणे यात मोठे अंतर आहे.

आगीची भीती कितपत खरी?

मार्च २०२२ मध्ये विश्रांतवाडीजवळच्याच लोहगाव परिसरात रस्त्याकडेला उभ्या ई-स्कूटरला आग लागल्याचा व्हिडिओ देशभर पसरला. त्या उन्हाळ्यात अशा अनेक घटना घडल्या. केंद्राने चौकशी लावली आणि बॅटरीसाठीचे ‘एआयएस-१५६’ हे सुरक्षा निकष कडक केले. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यामुळे जुनी ई-दुचाकी विकत घेताना ती मार्च २०२३ च्या आधीची की नंतरची, हे जरूर पाहावे.

जुन्या बाईकला खरा धोका कशाचा?

बंदीपेक्षा तीन गोष्टींचा.

▪ इंधन : आता पंपांवर २० टक्के इथेनॉलमिश्रित (ई-२०) पेट्रोल मिळते. जुन्या बाईकचे रबरी पाइप आणि गॅस्केट त्यासाठी बनलेले नाहीत. इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरण्याची शक्यता वाढते. कार्ब्युरेटरचे ट्यूनिंगही तपासून घ्यावे लागते.

▪ खर्च : १५ वर्षांनंतर आरटीओत नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर आलाच. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरील दुचाकींचे नूतनीकरण शुल्क १ हजारावरून २ हजार रुपये झाले आहे.

▪ नियमातली पोकळी : विंटेज वाहनांसाठी २०२१ पासून वेगळी नोंदणी आहे, पण त्यासाठी गाडी ५० वर्षे जुनी लागते आणि नोंदणीनंतर ती रोज चालवता येत नाही. १९८५ ची आरएक्स १०० या व्याख्येत २०३५ मध्ये बसेल. तोवर तिची गणना फक्त ‘जुने वाहन’ म्हणूनच.

विजेच्या बाजूचे म्हणणे काय?

ते प्रामुख्याने खिशाचे आहे. महिन्याला १ हजार किलोमीटर फिरणाऱ्याला, लिटरला ४५ किलोमीटर आणि १०४ रुपये दर धरला, तर पेट्रोलला सुमारे २,३०० रुपये लागतात. घरी चार्ज केल्यास ३५ ते ४० युनिट, म्हणजे युनिटला १० रुपये धरून ४०० रुपयांच्या आत. पार्किंगमध्ये प्लग पॉइंट मिळत नसेल, तर मात्र हे गणित बिघडते.

म्हणूनच अनेक दुचाकीप्रेमी मधला मार्ग निवडतात. ऑफिसला ई-स्कूटर आणि रविवारी पेट्रोलची बाईक. रोजची धाव कमी झाल्याने जुन्या इंजिनाचे आयुष्यही वाढते.

पुढे काय?

रॉयल एनफिल्डनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘फ्लाइंग फ्ली’ ही विजेवरील बाईक सादर केली आहे. बॅटरी हलकी आणि स्वस्त होत जाईल तसे पल्ल्याचे आक्षेप मागे पडतील. चार-स्ट्रोक बाईक आल्या तेव्हाही ‘टू-स्ट्रोकची मजा नाही’ अशी तक्रार होतीच. त्या गाड्या विस्मरणात गेल्या नाहीत, कारण त्या दुरुस्त करणारे हात शिल्लक होते.

विजेच्या बाईकलाही असे चाहते मिळतील का, हे तिच्या वेगावर ठरणार नाही. वीस वर्षांनी विश्रांतवाडीतल्या एखाद्या छोट्या गॅरेजमध्ये ती उघडता आणि पुन्हा सुरू करता आली, तरच ती कोणीतरी जपून ठेवेल. त्यासाठी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुली करण्याचा नियम आताच लागतो. दुचाकीप्रेमींच्या मागणीत सर्वांत वर तोच असायला हवा.