गिटारवरचा दशावतार

आमच्या नंदनवनात इंजिनिअरिंग कॉलेज असल्यामुळे गल्लीगल्लीत शिकणारी पोरं. संध्याकाळी एखाद्या बंद दाराआडून गुरगुरल्यासारखा आवाज येतो आणि आई धास्तावते, ‘काय ऐकतो हा बाप्पा! वाया तर नाही ना जाणार?’ या संगीताला म्हणतात डेथ मेटल. नावातच मरण, मग भीती वाटणारच! पण ‘बंद कर ते’ म्हणण्याआधी एकदा शेजारी बसून ऐकायला काय हरकत आहे?

सुरुवात मुंबईच्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ या बँडपासून करा. साहिल मखिजा या तरुणाने तो २००० साली उभा केला. या साहिलला स्वयंपाकाचीही भारी हौस. ‘हेडबँगर्स किचन’ हा त्याचा पाककृतींचा कार्यक्रम इंटरनेटवर गाजला. म्हणजे माणूस आपल्यातलाच!

त्यांचे अल्बम मात्र उलट्या क्रमाने ऐका. आधी २०१७चा ‘दशावतार’. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार, दहा गाणी. शब्द इंग्रजी, पण गोष्टी आपल्याच. आता सांगा, खांब फोडून बाहेर आलेला नरसिंह भावगीताच्या आवाजात गाईल का? तिथे ती गर्जनाच शोभते. मग २०१४चा ‘द डिमन किंग’ घ्या. त्यानंतर २०१०चा ‘द रिटर्न टू डार्कनेस’. त्याच वर्षी ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाचा पुरस्कार या बँडला मिळाला. कान सरावले, की २००५च्या ‘अ डार्कनेस डिसेंड्स’कडे जा. एकाच गाण्यात गुरगुर, साधं गाणं आणि कीबोर्डचे लांबलचक सूर कसे गुंफलेत, ते तेव्हा कळायला लागतं.

तो आवाज म्हणजे घसा फोडून ओरडणं नव्हे बरं का. पोटातून श्वास घेऊन, स्वरतंतूंच्या वरच्या घड्या थरथरवून तो काढतात. त्याला रियाज लागतो, नाहीतर घसा बसतो.

तरीही सोसवलं नाही, तर स्वीडनच्या ‘ओपेथ’ बँडचा २००३चा ‘डॅमनेशन’ लावा. डेथ मेटलमधल्या याच प्रयोगशील वाटेवरचा हा जगप्रसिद्ध बँड, पण या अल्बममध्ये गुरगुर औषधालाही नाही. रात्री सगळं आवरून झाल्यावर ऐकावा असा शांत, उदास.

एक गोष्ट मात्र मुलांना ठामपणे सांगा. इअरफोन लावून मोठ्या आवाजात तासन्‌तास ऐकलं, तर कानांना कायमची इजा होऊ शकते. आवाज कमी, मध्ये विश्रांती!

आणि हो, ऐकताना विचारा त्याला, ‘नरसिंहाने तिन्हीसांजेची वेळ आणि उंबरठाच का निवडला, ठाऊक आहे का रे?’ बहुतेक नसेल ठाऊक. हिरण्यकशिपूचा वर तुम्ही सांगा, गिटारचं त्याला सांगू द्या. परीक्षा, मार्क, मोबाईल सोडून आई-मुलाचं दुसऱ्या विषयावर बोलणं झालं, हे काय कमी आहे? संगीत आवडलंच पाहिजे असं थोडंच आहे!