परदेशी शिक्षण आणि माहितीची मिरासदारी

दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात एक मुलगी माझ्याकडे आली. नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. वडील वीटभट्टीवर, आई शेतमजूर. अर्थशास्त्रात एम. ए., पहिला वर्ग. हातात इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचे प्रवेशपत्र होते. "सर, सप्टेंबरात वर्ग सुरू होतात. आता काय काय करावे लागते?" तिने विचारले. पासपोर्टचा अर्जदेखील केलेला नव्हता. ज्या शिष्यवृत्तीवर तिची भिस्त होती तिची मुदत टळून गेली होती. हाताशी आठ आठवडे होते आणि कामे वर्षाची होती.

ही मुलगी गुणांत कमी नव्हती. तिला वेळेवर सांगणारे माणूस तिच्या घरात, गल्लीत, महाविद्यालयात कोणी नव्हते. पांढरपेशा घरात हे ज्ञान जेवणाच्या पंगतीत मिळते. मामा अमेरिकेत असतो, चुलतबहीण जर्मनीत असते. बारावीतल्या पोराला कोणीतरी सहज सांगून जाते, "पासपोर्ट काढून ठेव." या सवलतीला कोणी आरक्षण म्हणत नाही. जमिनीची, पाण्याची, विद्येची मिरासदारी आपण ओळखतो. माहितीचीही अशीच एक मिरासदारी असते आणि ती दिसत नसल्याने तिच्याविरुद्ध मोर्चाही निघत नाही. मी स्वतः याच वाटेने ठेचकाळत गेलो आणि आलो. जे मला उशिरा कळले ते येथे एकत्र मांडतो आहे.

बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाबद्दल आपण पदव्यांची यादी वाचतो. त्यामागचा व्यवहार वाचत नाही. १९१३ साली बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली लंडनला आले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. परंतु निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट केली. चार वर्षांच्या आत अपुरा अभ्यास पुन्हा सुरू करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. मग मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले, शाहू महाराजांची मदत झाली, आणि १९२० साली ते परत लंडनला गेले. १९२३ ची डी. एस्सी. ही त्या परवानगीच्या आधाराने मिळालेली आहे.

त्या मुलीला मी हेच सांगितले. रडू नकोस, विद्यापीठाला पत्र लिही आणि प्रवेश एक वर्ष पुढे ढकलण्याची लेखी परवानगी माग. तिने मागितली, आणि मिळाली. बहुतेक विद्यापीठांत अशी सोय असते. ती मागावी लागते, एवढेच.

दीड वर्ष आधी

पहिला नियम असा की ज्या सप्टेंबरात जायचे त्याच्या आधीच्या वर्षी एप्रिलमध्ये कामाला लागावे. इंग्लंडची चेव्हनिंग शिष्यवृत्ती ऑगस्टमध्ये अर्ज मागवते आणि ऑक्टोबरमध्ये दार बंद करते. प्रवेश मात्र पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरचा असतो. तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. आपल्या संघटनांत, संस्थांत काम केलेल्या कार्यकर्त्यांनी या अटीला घाबरू नये; ती त्यांच्या फायद्याचीच आहे. अमेरिकेतले अर्ज साधारणपणे डिसेंबर-जानेवारीत जातात.

देश निवडताना नुसत्या नावाला भुलू नये. अमेरिकेत एम. ए., एम. एस. साठी पैसा मिळणे कठीण असते. पण चांगल्या विद्यापीठांत पीएच. डी.च्या विद्यार्थ्याला बहुधा फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल निर्वाहवेतन मिळते. अर्जाची फी माफ करण्याचीही सोय पुष्कळ ठिकाणी आहे. त्यासाठी आधी विभागाला पत्र लिहावे. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या प्रांताने मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सहामाहीला १,५०० युरो फी लावली. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाची रक्कम एका बंद खात्यात ठेवून दाखवावी लागते. २०२४ साली ती ११,९०४ युरो झाली. म्हणजे शिक्षण फुकट असले तरी उंबरठा फुकट नाही. भारतीय पदव्यांची तपासणी करून देणारे एपीएस प्रमाणपत्रही तेथे २०२२ पासून सक्तीचे झाले आहे.

कागद

दुसरी गोष्ट नावाची. आपल्या मुलांच्या कागदांवर एकच नाव चार प्रकारे लिहिलेले असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर गुरुजींनी लिहिलेले एक, आधार कार्डावर दुसरे, जातीच्या दाखल्यावर तिसरे. कुणी मध्येच आडनाव बदललेले असते, आणि त्याची कारणे आपल्याला माहीत आहेत. हे सर्व पासपोर्टशी जुळले पाहिजे. बदल केला असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी हाताशी हवी. हे काम आधी करावे, कारण बाकीचे सारे कागद याच नावावर उभे राहतात.

जातीचा दाखला केंद्राच्या योजनेला एका नमुन्यात आणि राज्याच्या योजनेला दुसऱ्या नमुन्यात लागतो. नवबौद्ध कुटुंबांतल्या मुलांनी हे विशेष पाहावे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला चालू वर्षाचा हवा. विद्यापीठाकडून सर्व सहामाह्यांची एकत्रित गुणपत्रिका मोहोरबंद मागवण्यास कधी कधी महिने जातात. इंग्रजीच्या आयईएलटीएस परीक्षेचे गुण दोनच वर्षे ग्राह्य असतात, म्हणून ती फार लवकरही देऊ नये. मराठी माध्यमातून आलेला मुलगा तेथे वाचनात पडत नाही, बोलण्यात अडखळतो. रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजी बोलण्याची सवय सहा महिने ठेवली तर हा अडथळा पार होतो, असा माझा अनुभव आहे.

हेतुपत्राविषयी थोडे सविस्तर लिहितो. आपण का शिकू इच्छितो, हे अर्जासोबत दोन पानांत लिहावे लागते. आमची मुले तेथे दोन चुका करतात. काही जण भाषण लिहितात, "समाजाचे ऋण फेडण्यासाठी" वगैरे. काही जण आपले दुःखच विकायला काढतात. वाचणाऱ्याला दोहोंतून काही कळत नाही. त्या मुलीच्या पहिल्या मसुद्यात दारिद्र्याबद्दल दीड पान होते. मी विचारले, "वीटभट्टीवरची उचल कशी फिटते, हे तू घरात पाहिले आहेस ना? हिशेब कोण ठेवतो?" ती म्हणाली, "मुकादम ठेवतो. मी आठवीत असल्यापासून बाबांची वेगळी वही ठेवते." मी म्हटले, मग वहीबद्दल लिही. त्या दोन हिशेबांतल्या फरकातून तिचा संशोधनाचा प्रश्न निघाला. जात लपवू नये आणि तिचे भांडवलही करू नये. आपण काय पाहिले, काय केले आणि त्यातून कोणता प्रश्न पडला, एवढे साधेपणाने लिहावे.

शिफारसपत्र मोठ्या हुद्द्याच्या माणसाकडून घेण्यापेक्षा ज्याने आपले काम जवळून पाहिले त्याच्याकडून घ्यावे. प्राध्यापक मित्रांना माझी विनंती आहे : "तूच लिहून आण, मी सही करतो" ही पद्धत सोडा. ते पत्र तुमच्या विद्यार्थ्याच्या विरुद्ध साक्ष देते.

पैसा आणि जामीन

अनुसूचित जातींसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. २०२१-२२ पासून तिच्या जागा १२५ करण्यात आल्या. पैकी ११५ अनुसूचित जातींना, बाकीच्या विमुक्त-भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर यांना. अनुसूचित जमातींसाठी वेगळी योजना आहे. महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे. अटी दरवर्षी बदलतात. म्हणून मागच्या वर्षी गेलेल्याचे ऐकून अर्ज करू नये, त्या वर्षीची जाहिरात शब्द न् शब्द वाचावी. २०२२ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय केंद्राच्या शिष्यवृत्तीतून वगळले. जातीच्या प्रश्नावर काम करू इच्छिणाऱ्याचीच वाट त्याने अडली. २०२५ साली निवड झालेल्या १०६ जणांपैकी आरंभी ४० जणांनाच तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाली. उरलेल्यांना पैसा उपलब्ध झाल्यास मिळतील असे कळवण्यात आले. तेव्हा निवड म्हणजे पैसा नव्हे. एकाच शिष्यवृत्तीवर विसंबू नये, दोन-तीन ठिकाणी अर्ज करावा.

इंग्लंडच्या व्हिसासाठी आवश्यक रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. सरकारी शिष्यवृत्ती असेल तर तिचे पत्र त्या जागी चालते. क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला लागतो. आरोग्यसेवेचा आकार अभ्यासक्रमाच्या साऱ्या काळासाठी एकदम भरावा लागतो. २०२४ साली तो विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड झाला. शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता पोहोचायला उशीर होतो, म्हणून दोन महिन्यांचा खर्च स्वतःजवळ हवा.

माझ्या वेळी खरी अडचण जामिनाची झाली. करारपत्राला प्राप्तिकर भरणारे दोन जामीनदार हवे होते. आमच्या वस्तीत प्राप्तिकर भरणारा एकही माणूस नव्हता. आमच्याच समाजातले, जयंतीला व्यासपीठावर बसणारे एक अधिकारी वडिलांना म्हणाले, "उद्या पोरगं परतलं नाही तर मी अडकेन." वडील काही न बोलता उठून आले. शेवटी सही केली ती माझ्या शाळेतल्या गणिताच्या मुसलमान मास्तरांनी आणि एका निवृत्त पोस्टमास्तरांनी. मास्तरांनी एवढेच विचारले, "फॉर्म नीट वाचलास ना?" नोकरीत स्थिरावलेल्या आपल्या वर्गाने यावर विचार करावा. वर्गणी देणे सोपे असते. जामीन राहणे हे चळवळीचेच काम आहे.

दलालांविषयीही सावध करतो. सल्लाकेंद्रे "फुकट" मार्गदर्शन करतात, कारण पाठवलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे त्यांना पुष्कळ विद्यापीठे दलाली देतात. साहजिकच दलाली देणाऱ्या विद्यापीठाचेच गुणगान ते करतात. कोणाही खाजगी माणसाच्या खात्यात फी भरू नये. ती थेट विद्यापीठाकडेच भरावी.

तेथे गेल्यावर

पहिल्या वर्षी विद्यापीठाच्या वसतिगृहातच राहावे. बाहेर घर घेताना तिकडचा जामीनदार मागतात, तो आपण कोठून आणणार? इंग्लंडमध्ये घरमालकाने घेतलेली अनामत ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत ठेवली पाहिजे, असा कायदा आहे. तिची पावती मागावी. गेल्या गेल्या जवळच्या डॉक्टरकडे नाव नोंदवावे. सत्र चालू असताना पदवीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला २० तासांहून अधिक काम करता येत नाही. पैशाच्या ओढीने ही मर्यादा ओलांडली तर व्हिसाच धोक्यात येतो.

वर्गात मला सर्वांत जड गेले ते प्रश्न विचारणे. आपल्याकडे उतरवून घेणे म्हणजे अभ्यास. तेथे प्राध्यापकाला नावाने हाक मारतात आणि त्याचे म्हणणे खोडून काढले तर तो खूष होतो. दुसऱ्याचे वाक्य नामनिर्देश न करता घेणे हा तेथे गुन्हा समजतात. माझा पहिला निबंध याच कारणाने परत आला. मी चोरी केली नव्हती. आधार कसा दाखवायचा हे मला कोणी शिकवलेच नव्हते.

आणि जात. ती तेथे नसेल, या भ्रमात राहू नये. मी राहत होतो त्या घरातल्या एका भारतीय मुलाने दुसऱ्याच दिवशी माझे "पूर्ण नाव" विचारले. आठवडाभराने स्वयंपाकघरात त्यांची भांडी वेगळ्या कपाटात गेली. कारण कोणी सांगितले नाही. मी तीन महिने गप्प राहिलो, ही माझी चूक झाली. ब्रिटनच्या समता कायद्यात जातीचा स्पष्ट उल्लेख करण्याचे सरकारने २०१८ साली नाकारले. तरीही वंशभेदाच्या तरतुदींखाली काही प्रकरणे येऊ शकतात. अमेरिकेत ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ साली आणि कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने २०२२ च्या आरंभी जातिभेदास मनाई केली. २०२३ साली सिएटल शहराने तसा कायदा केला. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याचे विधेयक मात्र राज्यपालांनी परत पाठवले. तेव्हा आपल्या विद्यापीठाचा नियम काय आहे हे पहिल्याच आठवड्यात वाचून ठेवावे, घटना तारखेसह लिहून ठेवाव्यात आणि एकटे राहू नये. आंबेडकरी मंडळी आता बहुतेक मोठ्या शहरांत आहेत. त्यांचा पत्ता निघण्यापूर्वीच मिळवावा.

एक फाईल

आपल्या प्रत्येक महाविद्यालयात, वसतिगृहात, बुद्धविहारात एक फाईल असावी. गेलेल्या विद्यार्थ्याने आपले अर्ज, हेतुपत्र, मंजुरीपत्रे, नकाराची पत्रेसुद्धा, आणि कोणत्या कामाला किती दिवस लागले याची नोंद तीत ठेवून जावे. याला ना निधी लागतो ना संस्थेची नोंदणी.

ती मुलगी पुढच्या सप्टेंबरात गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने तिची फाईल माझ्या टेबलावर आणून ठेवली. पहिल्या पानावर तिने लिहिले होते : पासपोर्ट, ४१ दिवस, सर्व सहामाह्यांची गुणपत्रिका, अडीच महिने, चार खेपा. सध्या ती फाईल परभणीच्या एका मुलाकडे आहे. तो पुढच्या वर्षी जाणार आहे, आणि त्याने पासपोर्टचा अर्ज भरला आहे.