पोहणाऱ्या मुलांचे बळ : तालीम आणि ताट

कृष्णाकाठच्या मुलांना पोहणे शिकवावे लागत नाही, असे आमचे वडील म्हणत. पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि डोहात सोडायचे. वाईपासून कऱ्हाड-सांगलीपर्यंत पिढ्यान् पिढ्या अशाच तयार झाल्या. ज्यांना गावच्या विहिरीची पायरी उतरू दिली जात नव्हती, तेही नदीवर पोहायला शिकले. आज आपली मुले-मुली तलावात घड्याळ लावून पोहतात, स्पर्धेत उतरतात, ही समाधानाची बाब आहे. पण स्पर्धेबरोबर घरात नवे प्रश्नही येतात. त्यांपैकी एका प्रश्नाने आम्हाला चांगलाच धडा शिकवला, म्हणून हा लेखप्रपंच.

बँकेतील बदल्यांमुळे आमचे बिऱ्हाड कधी साताऱ्यास, तर कधी सांगलीस. आमचा मुलगा चौदा वर्षांचा असताना स्पर्धेत थोडक्यात मागे पडला. "बाबा, माझ्यात ताकद कमी आहे," असे म्हणून त्याने व्यायामशाळेत नाव घातले. तेथे कोणी नीट लक्ष दिले नाही. मोठ्या मुलांची बरोबरी करण्यासाठी तो झेपेल त्याहून अधिक वजन उचलू लागला. जोडीला प्रथिनांच्या पावडरीचा डबा आला. आम्हीही महिन्याचे गणित मोडून तो घेऊन दिला, ही आमची चूक. दोन महिन्यांत खांदा इतका दुखू लागला की पोहणेच बंद पडले. त्यानंतर डॉक्टरांना आणि जाणत्या प्रशिक्षकांना विचारून जे समजले, ते येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट, वजन उचलल्याने मुलांची उंची खुंटते हा समज खरा नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली योग्य पद्धतीने केलेला व्यायाम या वयात सुरक्षित असतो. धोका असतो तो घाईचा आणि ईर्षेचा. सुरुवातीच्या आठ-दहा आठवड्यांत ताकद वाढते, ती मुख्यतः मज्जातंतू आणि स्नायू यांचा मेळ सुधारल्यामुळे. दंड तेवढ्यात फुगत नाहीत. मुलगा आरशात पाहून निराश होतो आणि डब्याकडे वळतो, तो नेमका याच काळात.

दुसरी गोष्ट खांद्याची. पंचवीस मीटरच्या तलावात एका फेरीला वीस हात धरले, तर तीन हजार मीटरला चोवीसशे हात होतात. छाती आणि खांद्याचा पुढचा भाग यामुळे बळकट होतो. पाठीच्या फऱ्याभोवतीचे लहान स्नायू मात्र मागे राहतात. हा तोल बिघडला की खांदा दुखू लागतो. म्हणून आधी रबरी पट्टा मागे ओढण्याचे व्यायाम, बैठका, पोटाचे आणि कमरेचे व्यायाम, बेताने जोर, हळूहळू बारला लोंबकळून अंग वर ओढणे, हा क्रम ठेवावा. वजने त्यानंतर. दहा-पंधरा वेळा नीट उचलता येईल एवढेच वजन, आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. एका दमात जास्तीत जास्त किती उचलतो, ही पैज या वयात लावूच नये. शिवाय पाण्यात नुसत्या आकाराचा उपयोग नाही. अंग जितके रुंद, तितका पाण्याचा अडथळाही अधिक.

खांद्याच्या बळाचे थोर उदाहरण आपल्याच भागात आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे अंग निकामी झाले. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनी सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. शेजारच्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे तर सोळाव्या वर्षी, २००८ साली, बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहला आणि २०१०च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक घेऊन आला.

आता ताटाविषयी. खेळणाऱ्या मुलाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण दीड ग्रॅम प्रथिने पुरतात. पन्नास किलोच्या मुलाला पंचाहत्तर ग्रॅम. आकडा मोठा वाटतो, पण हिशेब करून पाहा. ज्वारीच्या चार भाकरींत वीस ग्रॅम, दोन अंड्यांत बारा, अर्धा लिटर दुधात सोळा, दोन वेळच्या डाळ-उसळीत चौदा, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ. बेरीज सत्तर होते. कोरेगावचा वाघ्या घेवडा, हरभरा, मटकी, सोयाबीन, सुके बोंबील, रविवारचे मटण, यांतले काहीही आले की उरलेली तूट भरून निघते. मात्र भाकरी-भात कमी करून नुसती प्रथिने वाढवू नयेत. पोटात पुरेसे अन्न नसेल, तर शरीर प्रथिनेही सरपणासारखी जाळते.

पहाटे उपाशीपोटी पोहायला पाठवू नये. एक केळे तरी द्यावे. परत आल्यावर लवकरच अंडी-दूध द्यावे. मुलींच्या रक्तातील लोहाकडे विशेष लक्ष असावे : बाजरी, पालेभाजी, वर लिंबू पिळलेले. आणि झोप किमान आठ तास, कारण स्नायूंची भरपाई विश्रांतीतच होते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४च्या आहारसूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळण्यास सांगितले आहे. काही पावडरींत उत्तेजक द्रव्यांची भेसळ आढळते आणि चाचणीत सापडलेल्या खेळाडूवर बंदी येते, हेही लक्षात असू द्यावे.

उपासाने देह झिजवूनही मार्ग सापडत नाही, हे जाणून सिद्धार्थ गौतमांनी सुजातेची खीर स्वीकारली. अतिरेक दोन्ही बाजूंनी वाईट, हा बोध मुलांच्या ताटालाही लागू आहे.

आमचा मुलगा चार महिन्यांनी पुन्हा पाण्यात उतरला. पावडरीचा तो डबा आज स्वयंपाकघरात आहे. सौ. त्यात शेंगदाणे ठेवते.