मुक्त पत्रकार

वृत्तपत्राच्या कचेरीत नोकरी करणारा बातमीदार संपादक पाठवील तेथे जातो आणि ठरलेल्या वेळी बातमी आणून देतो. परंतु ज्याला कचेरी नाही, वरिष्ठ नाही आणि महिन्याचा पगारही नाही, असाही एक पत्रकार असतो. त्यास मुक्त पत्रकार म्हणतात. कोठे जावे, कोणास भेटावे व कशाविषयी लिहावे, हे त्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. डॉ. अनिल अवचट हे अशा पत्रकारांपैकी एक होत.

त्यांचा जन्म १९४४ साली पुणे जिल्ह्यातील ओतूर या गावी झाला. त्यांनी वैद्यकीय पदवी मिळविली. परंतु दवाखान्यात त्यांचे मन रमले नाही. बिहारमधील दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि १९६९ साली ‘पूर्णिया’ हे त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे ते हमालांजवळ व भटक्या लोकांच्या पालांत जाऊन बसत, त्यांचे सुखदुःख ऐकून घेत आणि ते साध्या शब्दांत लिहीत. सोलापूर जिल्ह्यातील अंकोली येथे कोरड्या रानात पाण्याचे प्रयोग करणारे अरुण देशपांडे यांचीही ओळख त्यांनी वाचकांस करून दिली.

केवळ लेखणीवर संसार चालणे कठीण असते. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा मनोरुग्णालयात नोकरी करून घर चालवीत. म्हणूनच त्यांना मोकळेपणाने हिंडता आले.

गर्द या मादक पदार्थाने तरुणांचा कसा नाश होतो, हे त्यांनी लेखांतून दाखविले. ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. सुनंदा यांनी त्याची धुरा वाहिली.

अवचटांना छंदही अनेक होते. ते बासरी वाजवीत, चित्रे काढीत, लाकडात शिल्पे कोरीत आणि कागदाला घड्या घालून पशुपक्षी बनवीत. माणसाकडे असो वा लाकडाच्या तुकड्याकडे, ते सारख्याच कुतूहलाने पाहत. २७ जानेवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले.

मुक्त पत्रकारास कोणी पाठवीत नाही. म्हणूनच, ज्यांची विचारपूस कोणीच करीत नाही, त्यांच्या दारी त्याने आपण होऊन जावयाचे असते. त्याच्या स्वातंत्र्याची खरी शोभा यातच आहे.